विध्यर्थ, इच्छा आणि शक्यता : मराठी व्याकरणातील 'अर्थ' या संकल्पनेची चिकित्सा
(परभणी जिल्ह्यातील भाषाव्यवहाराच्या संदर्भात)

प्रस्तावना :

मराठी व्याकरणात क्रियापदाचे चार 'अर्थ' मानण्याची परंपरा आहे. स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ ही ती चार नावे शालेय पाठ्यपुस्तकांपासून स्पर्धा परीक्षांच्या मार्गदर्शकांपर्यंत सर्वत्र आढळतात. 'पाऊस पडतो' हा स्वार्थ, 'पेरणी कर' हा आज्ञार्थ, 'पेरणी करावी' हा विध्यर्थ आणि 'पाऊस पडला असता तर पीक आले असते' हा संकेतार्थ, अशी उदाहरणे विद्यार्थी पाठ करतो आणि परीक्षेत गुणही मिळवतो. मात्र 'तो घरी असावा' आणि 'त्याने घरी असावे' या दोन वाक्यांत फरक कोणता, असे विचारल्यास त्याच्याजवळ उत्तर नसते. दोन्ही वाक्ये विध्यर्थी आहेत एवढेच त्याला सांगता येते. पहिले वाक्य अंदाज आहे आणि दुसरे अपेक्षा आहे, हा भेद तो बोलताना अचूक पाळतो. पण त्याच्या हाती असलेले व्याकरण तो भेद नोंदवत नाही.

इच्छा व्यक्त करणे आणि शक्यता वर्तविणे या दोन भिन्न मनोव्यापारांना मराठी व्याकरणाने एकाच कप्प्यात ठेवले, ही प्रस्तुत लेखाची मुख्य तक्रार आहे. तो भेद मराठी भाषेने आपल्या रचनेत जपलेला आहे, हे दाखविणे हा लेखाचा उद्देश आहे. परभणी जिल्ह्यासारख्या पावसावर अवलंबून असलेल्या शेतीच्या प्रदेशात हा प्रश्न केवळ व्याकरणाचा राहत नाही. 'पाऊस पडावा', 'पाऊस पडेल' आणि 'पाऊस पडण्याची शक्यता आहे' या तीन विधानांमधील अंतरावर तेथे पेरणीचा निर्णय अवलंबून असतो.

१. 'अर्थ' या संकल्पनेची जडणघडण :

दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' १८३६ मध्ये प्रसिद्ध झाले. अव्वल इंग्रजीच्या त्या काळात मराठी व्याकरणाची जी चौकट उभी राहिली, तिच्यात दोन प्रवाह एकत्र आले. पारिभाषिक संज्ञा संस्कृतातून आल्या, तर वर्गीकरणाची पद्धत बऱ्याच प्रमाणात इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवर घडली. 'विध्यर्थ' ही संज्ञा संस्कृतातील विधिलिङाची आठवण करून देते. क्रियापदाच्या चार 'अर्थां'ची यादी मात्र इंग्रजी व्याकरणातील 'मूड' या कल्पनेशी नाते सांगते.

येथे एक गोष्ट लक्षात घेणे आवश्यक आहे. पाणिनीने लिङ् या लकाराची योजना सांगताना केवळ 'विधी' हा एकच अर्थ दिलेला नाही. विधी, निमंत्रण, आमंत्रण, अधीष्ट म्हणजे आदरपूर्वक केलेली विनंती, संप्रश्न आणि प्रार्थना असे सहा अर्थ त्याने एका सूत्रात गणले आहेत. आशीर्वादाचा विचार त्याने वेगळ्या सूत्रात केला असून सामर्थ्य व संभावना यांसाठीही स्वतंत्र नियम दिले आहेत. म्हणजे एकच रूप अनेक अर्थांनी वापरले जाते हे संस्कृत व्याकरणाला ठाऊक होते आणि त्या अर्थांची विभागणी करणे त्याला गरजेचे वाटले होते. मराठीने नाव घेतले. विभागणीची ही दृष्टी मात्र शालेय परंपरेत मागे पडली.

मोरो केशव दामले यांच्या १९११ मधील 'शास्त्रीय मराठी व्याकरण' या ग्रंथात आख्यातांना प्रत्ययांवरून नावे दिलेली आहेत. ताख्यात, लाख्यात, ईलाख्यात, वाख्यात ही ती नावे होत. या नामकरणाचे महत्त्व पुरेसे ओळखले गेलेले नाही. 'वाख्यात' हे रूपाचे नाव आहे आणि 'विध्यर्थ' हे अर्थाचे नाव आहे. रूप आणि अर्थ यांना दोन वेगळी नावे दिल्यामुळे एका रूपाचे अनेक अर्थ व एका अर्थाची अनेक रूपे असू शकतात, हे सांगण्याची सोय होते. पुढील शालेय व्याकरणांत दोन्ही याद्या शेजारी छापल्या जातात, परंतु वाख्यात म्हणजेच विध्यर्थ असे समीकरण मनावर ठसते आणि ती सोय वाया जाते. अरविंद मंगरूळकर यांनी १९६४ मध्ये 'मराठी व्याकरणाचा पुनर्विचार' मांडल्यानंतरही अध्यापनाच्या पातळीवर हे समीकरण फारसे ढळलेले दिसत नाही.

२. एक रूप, अनेक कामे :

'-आवा, -आवी, -आवे' हे प्रत्यय लागलेली रूपे मराठीत किमान चार कामे करतात. 'विद्यार्थ्याने रोज वाचन करावे' येथे कर्तव्य आहे. 'यंदा तरी पाऊस वेळेवर यावा' येथे इच्छा आहे. 'एव्हाना गाडी पूर्णा जंक्शनला पोहोचली असावी' येथे अनुमान आहे. 'संध्याकाळ झाली की म्हाताऱ्याने पारावर येऊन बसावे, येणाऱ्याजाणाऱ्याची चौकशी करावी' येथे कर्तव्य नाही, इच्छा नाही आणि अनुमानही नाही. भूतकाळातील सवयीचे कथन आहे. हे चौथे काम कथात्म लेखनात विपुल प्रमाणात आढळते, तरीही विध्यर्थाच्या व्याख्येत त्याला क्वचितच स्थान मिळते.

शालेय व्याकरणे यांपैकी काही अर्थांची यादी देतात हे खरे आहे. कर्तव्य, योग्यता, इच्छा, शक्यता अशी नावे देऊन प्रत्येकाखाली एकेक वाक्य दिले जाते. परंतु यादी म्हणजे स्पष्टीकरण नव्हे. कोणत्या रचनेत कोणता अर्थ संभवतो आणि कोणता संभवत नाही, हे सांगितल्याशिवाय व्याकरणाचे काम पूर्ण होत नाही. 'अर्थ संदर्भावरून ठरतो' असे उत्तर यावर दिले जाते. ते अपुरे आहे. संदर्भ निवड करतो, पण निवडीसाठी कोणते पर्याय खुले आहेत हे रचनेने आधीच ठरविलेले असते. ती रचना पुढे तीन अंगांनी तपासली आहे.

३. कर्त्याची विभक्ती :

मराठीतील '-आवे' हा प्रत्यय संस्कृतातील '-तव्य' या कृदन्त प्रत्ययापासून प्राकृतमार्गे आला, हे मत ज्यूल ब्लॉक यांच्या मराठीविषयक ऐतिहासिक अभ्यासापासून सर्वमान्य आहे. संस्कृतात 'तेन पुस्तकं पठितव्यम्' अशी रचना होते. कर्ता तृतीयेत येतो आणि कृदन्त कर्माच्या लिंगवचनाप्रमाणे बदलते. मराठीत 'त्याने पुस्तक वाचावे', 'त्याने कविता वाचावी', 'त्याने ग्रंथ वाचावेत' ही वाक्ये त्याच रचनेचा वारसा सांगतात. अकर्मक धातूंमध्ये 'त्याने जावे' असा भावे प्रयोग होतो.

परंतु मराठीने या वारशात स्वतःची भर घातली. अकर्मक धातूंचा कर्ता प्रथमेतही येऊ लागला आणि क्रियापद त्याच्याशी जुळू लागले. 'पाऊस पडावा', 'मुलगी शिकून मोठी व्हावी', 'तो यावा' ही अशी वाक्ये आहेत. आता 'तो यावा' आणि 'त्याने यावे' यांची तुलना केली असता भेद स्पष्ट होतो. 'त्याने यावे' यात येण्याची जबाबदारी त्याच्यावर टाकलेली आहे. 'तो यावा' यात येणे ही घटना इष्ट मानलेली आहे; ती कोणी घडवावयाची हे सांगितलेले नाही. तृतीयेतील कर्ता हा क्रियेवर ताबा असलेला कर्ता असतो. म्हणूनच 'पाऊस पडावा' हे सहज वाक्य आहे आणि 'पावसाने आता तरी पडावे' हे वाक्य ऐकताच बोलणारा पावसाला माणूस समजून त्याच्याकडे गाऱ्हाणे मांडत आहे असे जाणवते. शेतकऱ्यांच्या बोलण्यात दोन्ही वाक्ये येतात, पण एकाच प्रसंगी येत नाहीत.

अनुमानाच्या बाबतीत हा नियम अधिक काटेकोर ठरतो. 'तो घरी असावा' हे वाक्य अनुमान होऊ शकते. 'त्याने घरी असावे' हे वाक्य कधीही अनुमान होऊ शकत नाही. म्हणजे साध्या वाख्यातात कर्त्याला 'ने' लागला की शक्यतेचा मार्ग बंद होतो. 'त्याने पेरणी केली असावी' हे वाक्य या नियमाला अपवाद वाटेल, परंतु तसे नाही. तेथील 'ने' हा 'केली' या लाख्यातामुळे आलेला आहे, 'असावी'मुळे नव्हे. प्रथमेतील कर्ता मात्र दोन्ही मार्ग खुले ठेवतो. 'मुलगा शिकलेला असावा' हे वाक्य वधूपित्याची अट म्हणून उच्चारता येते आणि एखाद्या अनोळखी मुलाविषयीचा अंदाज म्हणूनही. संदर्भाचे काम खऱ्या अर्थाने येथे सुरू होते.

४. नकार आणि वाक्यांची गुंफण :

दुसरी कसोटी नकाराची आहे. कर्तव्य व इच्छा यांचा नकार 'नये' या रूपाने होतो. 'पेरणी करू नये', 'गारपीट होऊ नये' ही त्याची उदाहरणे. अनुमानाचा नकार 'नसावा' या रूपाने होतो. 'रात्री तिकडे पाऊस झाला नसावा' असे म्हटले जाते. 'झाला असू नये' असे कोणी म्हणत नाही. 'नसावा' हे रूप अपेक्षेसाठीही वापरता येते, जसे 'बियाण्यात खडे नसावेत'. 'नये' मात्र अनुमानासाठी कधीच वापरले जात नाही. अशा रीतीने 'नये' हे रूप कर्तव्य व इच्छा यांच्या बाजूला निश्चितपणे उभे राहते.

तिसरी कसोटी इच्छेच्याच दोन रूपांना लागू पडते. 'पाऊस पडावा' आणि 'पाऊस पडो' या दोहोंतून इच्छा व्यक्त होते. त्यांपैकी 'पडो' हे आज्ञार्थाच्या तृतीय पुरुषाचे रूप असून ते आशीर्वाद, प्रार्थना व शाप यांसाठी योजले जाते. 'पाऊस पडावा असे सर्वांना वाटते' हे वाक्य स्वाभाविक आहे. 'पाऊस पडो असे सर्वांना वाटते' हे कानाला खटकते. '-आवा' रूपातील इच्छेविषयी बोलता येते, तिचे वर्णन करता येते, ती दुसऱ्याच्या नावावर मांडता येते. '-ओ' रूपातील इच्छा उच्चारताच कृती होते. ज्ञानेश्वरीच्या शेवटी येणाऱ्या पसायदानात '-ओ' रूपांचे जे प्राबल्य आहे, ते या दृष्टीने अर्थपूर्ण ठरते. ज्ञानेश्वर तेथे इच्छेचे वर्णन करीत नसून दान मागत आहेत. त्याच '-ओ' रूपाचे आणखी एक काम व्यवहारात दिसते. 'पाऊस पडो की न पडो, नांगरट उरकलीच पाहिजे' येथे इच्छा पूर्ण लोपते आणि बेपर्वाई उरते. एका रूपाची प्रार्थना ते बेपर्वाई अशी दोन टोके असू शकतात, याची दखल 'आज्ञार्थ' या नावातून घेता येत नाही.

५. संकेतार्थ : घडलेले, घडू शकणारे आणि न घडलेले :

संकेतार्थाच्या विवेचनातही असाच गोंधळ आढळतो. 'पाऊस पडला तर पेरू' आणि 'पाऊस पडला असता तर पेरले असते' ही दोन्ही वाक्ये संकेतार्थाची म्हणून दिली जातात. पहिल्यात शक्यता जिवंत आहे, दुसऱ्यात ती मावळलेली आहे. पहिल्यातील 'पडला' हे रूप भूतकाळाचे असूनही त्यात भूतकाळ नाही. अट पूर्ण झाली अशी कल्पना करण्यासाठी मराठी लाख्याताचा उपयोग करते, आणि ती अट पूर्ण झालीच नाही हे सांगण्यासाठी 'असता' जोडते.

परभणीविषयी प्रसिद्ध असलेली 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' ही दखनी-हिंदुस्थानी वळणाची म्हण याच रचनेवर उभी आहे. जमले तर जमले, नाही तर परभणी आहेच, असा तिचा आशय आहे. निजामाच्या राजवटीत उर्दू ही राज्यकारभाराची भाषा असलेल्या या प्रदेशात दोन्ही भाषांचे बोलणारे शेजारी राहिले. 'बनी' हे भूतकाळी रूप भविष्यातील अटीसाठी वापरण्याची पद्धत मराठी भाषकाला परकी वाटली नाही, कारण त्याच्या स्वतःच्या भाषेतही अट तशीच घातली जाते. या म्हणीत 'असता' नाही, म्हणजे शक्यता मावळलेली नाही. म्हणीतील आश्वासकपणा या व्याकरणिक निवडीत आहे.

६. कृषी सल्ल्याची भाषा :

परभणी येथे १९७२ मध्ये मराठवाडा कृषी विद्यापीठाची स्थापना झाली. २०१३ पासून ते वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ या नावाने ओळखले जाते. विद्यापीठाकडून शेतकऱ्यांसाठी हवामानावर आधारित कृषी सल्ला प्रसिद्ध केला जातो. या सल्ल्याच्या भाषेत एक शिस्त दिसून येते. हवामानाचा भाग 'पावसाची शक्यता आहे' अशा नामरचनेत लिहिला जातो, तर कृतीचा भाग 'पेरणी करावी', 'फवारणी करू नये', 'काढणी केलेला माल सुरक्षित ठिकाणी ठेवावा' अशा वाख्यातात लिहिला जातो. शक्यतेसाठी 'पाऊस पडावा' हे रूप टाळले जाते.

हे टाळणे योग्यच आहे. 'येत्या दोन दिवसांत पाऊस पडावा' या वाक्यात कर्ता प्रथमेत असल्यामुळे ते इच्छा व अंदाज अशा दोन्ही बाजूंना झुकते. गावच्या पारावर असे वाक्य चालते, कारण बोलणाऱ्याचा चेहरा समोर असतो. छापील सल्ल्यात ते घातक ठरेल. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय खरिपाची पेरणी करू नये, असा सल्ला विद्यापीठ व कृषी विभाग देत आले आहेत. यातील 'झाल्याशिवाय' ही अट आहे आणि 'करू नये' हा निषेध आहे. दोहोंपैकी कशातही पावसाविषयीचे भाकीत नाही.

अडचण सल्ला तोंडी पसरू लागल्यावर निर्माण होते. 'शक्यता आहे' याचे 'पडेल' होते, 'पडेल'चे 'पडणार म्हणे' होते, आणि शेवटी 'म्हणे'ही गळून पडते. अंदाज निश्चितीत बदलतो. सोयाबीनची किंवा कापसाची लावण त्या निश्चितीच्या भरवशावर झाली आणि पावसाने ओढ दिली, तर दुबार पेरणीचा खर्च शेतकऱ्याच्या माथी येतो. दुबार पेरणीची कारणे अनेक आहेत आणि ती सर्व भाषेत शोधणे हास्यास्पद होईल. तथापि अंदाज आणि आश्वासन यांतील भेद वाचता येणे हे कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरातील शिकलेल्या मुलाचे किंवा मुलीचे काम असते, आणि ते काम त्यांना वर्गात शिकविले जात नाही, हे नाकारता येत नाही.

७. साहित्यातील साक्ष :

परभणी जिल्ह्याच्या साहित्यपरंपरेतही या प्रश्नाची साक्ष मिळते. गंगाखेडच्या संत जनाबाईंच्या नावावरील अभंगांत विठ्ठलाला एकेरी संबोधन आणि साधा आज्ञार्थ यांचा मुक्त वापर आहे. दासी म्हणवून घेणारी स्त्री देवाला आज्ञार्थी रूपांत हाक मारते. 'आज्ञार्थ म्हणजे आज्ञा' ही समजूत घेऊन हे अभंग वाचणाऱ्या विद्यार्थ्याला तेथे उद्धटपणा दिसेल किंवा केवळ विनंती दिसेल. हक्काची जवळीक दिसणार नाही. आज्ञार्थाचे बळ बोलणारा व ऐकणारा यांच्यातील नात्यावरून ठरते, प्रत्ययावरून नव्हे.

परभणीचे कवी-कादंबरीकार बी. रघुनाथ (१९१३-१९५३) यांच्या दोन कादंबऱ्यांची केवळ शीर्षके घेतली तरी चार अर्थांची चौकट अपुरी ठरते. 'म्हणे लढाई संपली' या शीर्षकातील क्रियापद स्वार्थात आहे, परंतु 'म्हणे' या एका शब्दाने विधानाची हमी काढून घेतली आहे. लढाई संपली असे कोणी तरी सांगते. निवेदक त्याला जामीन राहत नाही. ऐकीव माहिती, शंका आणि उपरोध या तीनही छटा या शब्दात सामावतात, आणि चारांपैकी एकाही 'अर्था'त त्याची नोंद नाही.

'जगाला कळले पाहिजे' हे दुसरे शीर्षक अधिक बोलके आहे. 'पाहिजे' हे 'पाहणे' या धातूच्या जुन्या कर्मणी रूपाचे गोठलेले रूप असून आज ते आवश्यकता दर्शविते. 'जगाला कळावे' म्हटले असते तर ती इच्छा झाली असती. 'जगाला कळेल' म्हटले असते तर ते भाकीत झाले असते. 'कळले पाहिजे' ही मागणी आहे. 'कळणे' ही क्रिया कोणाच्या ताब्यातील नाही, म्हणून तिचा अनुभव घेणारा 'जगाला' असा चतुर्थीत येतो आणि मागणी नेमकी कोणाकडे आहे हे अनुत्तरित राहते. ती जगाकडे नाही. कळविणे ज्याच्या हाती आहे त्याच्याकडे, कदाचित लेखकाकडेच आहे. ही गुंतागुंत 'विध्यर्थ' एवढे लेबल लावून उलगडत नाही.

निष्कर्ष :

१) वाख्यात हे रूप आहे आणि विध्यर्थ हा अर्थ आहे. दामले यांच्या नामकरणात असलेला हा भेद अध्यापनात पुन्हा आणणे आवश्यक आहे.

२) इच्छा, कर्तव्य व शक्यता यांचे भेद मराठीत अस्तित्वात आहेत. ते कर्त्याची विभक्ती, नकाराचे रूप आणि वाक्यांची गुंफण यांतून प्रकट होतात. साध्या वाख्यातात तृतीयेतील कर्ता अनुमान रोखतो. 'नये' हा नकारही अनुमान रोखतो.

३) 'पाहिजे', 'हवे', 'शकणे', 'लागणे', 'म्हणे', 'बहुधा' यांसारख्या शब्दांना वगळून केवळ प्रत्ययांवर आधारलेला 'अर्था'चा विचार एकांगी राहतो.

४) संकेतार्थात जिवंत अट आणि मावळलेली अट यांना वेगळी स्थाने दिली पाहिजेत.

५) स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या परिक्षेत्रातील महाविद्यालयांत मोठ्या संख्येने विद्यार्थी शेतकरी कुटुंबांतून येतात. कृषी सल्ला, शासकीय परिपत्रक, वर्तमानपत्रातील हवामानवृत्त यांतील वाक्ये व्याकरणाच्या तासाला उदाहरणे म्हणून घेतल्यास 'अर्थ' हा घटक पाठांतराचा न राहता वाचनाचा होईल.

मराठी भाषकाला काय व्हावे, काय करावे आणि काय होऊ शकेल यांतील अंतर ठाऊक आहे. त्याच्या व्याकरणाच्या पुस्तकानेही ते अंतर ओळखावे, एवढीच अपेक्षा आहे. आणि या वाक्यातील कर्ता तृतीयेत आहे.